त्रिकोणी पार्कातल्या दुरुस्त्या

१२ मे २०१२

आज जयसिंग घरी आला. लखनऊतली आमची सगळी महानगर वसाहत त्याला 'भैया' म्हणते, मी म्हणत नाही. दहा वर्षं तो आमच्या वॉर्डाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक, होता आणि दहा वर्षं मी त्याला तुंबलेल्या नाल्यांबद्दल पत्रं पाठवली. उत्तर एकाही पत्राला नाही. यंदा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा साहेबांना आमच्या घराची बेल सापडली.

सोफ्याच्या अगदी कडेला बसून म्हणाला, "मैडम, इस बार आप खड़ी हो जाइए."

मी म्हटलं, "खड़ी तो मैं हूँ ही. बैठे आप हैं."

स्वयंपाकघरात दिनकर चहा गाळता गाळता फिसकन हसला. जयसिंगही हसला. त्याला हसता येतं हे मला माहीत नव्हतं. मग त्याने सरळच सांगितलं, की बायकोला, द्रौपदीला, उभं करायचं होतं, पण तिचं नाव गावच्या मतदार यादीत अडकलंय, इथे यायला वेळ लागेल. "आप आर्किटेक्ट हैं, कॉन्वेंट की पढ़ी हैं, आप पर कोई उँगली नहीं उठा सकता." माणूस आडपडदा ठेवत नाही, हे मला आवडलं.

तो गेल्यावर दिनकर म्हणाला, "चारू, हा तुला का उभं करतोय?"

"कारण मी लायक आहे."

"ते झालंच. पण त्याला लायक माणूस कशाला हवाय?"

माझ्या नवऱ्याने सगळी नोकरी शेवाळाचा अभ्यास करण्यात घालवली. माणसांबद्दल त्याचं मत मी फारसं मनावर घेत नाही.

१५ मे २०१२

हो म्हणून टाकलं. बत्तीस वर्षं नगर नियोजनाच्या कचेरीत बसून मी वसाहतींचे नकाशे काढले आणि कुणीतरी वर बसलेल्याने ते खोडले. जिथे शाळा दाखवली तिथे लग्नाचा हॉल उठला. आता निदान खोडणाऱ्यांच्या बाकावर बसून बघते.

बाबा नागपूरहून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा वस्तीतल्या सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, पोरीला नन्सच्या शाळेत कशाला घालतोस म्हणून. ते म्हणत, बाबासाहेबांनी शिका म्हटलंय, स्वस्तात शिका असं नाही म्हटलं. आज असते तर पोस्टरवरचा माझा फोटो बघून खूश झाले असते. फोटो मात्र भयंकर आहे. त्यात मी एखाद्या कंपनीच्या लोणच्याच्या बरणीवरच्या आजीसारखी दिसते.

९ जुलै २०१२

निवडून आले! घराघरात जाऊन मी गटाराच्या उतारावर बोलले आणि लोकांनी ऐकून घेतलं. लखनऊच्या लोकांना विषय समजावून सांगितला की समजतो, हे मी नेहमीच म्हणत आले. जयसिंगच्या पोरांनी मतदारांना टेम्पोतून आणलं, पुऱ्या-भाजी वाटली, तो भाग मला पसंत नव्हता. पण उन्हाळा होता, म्हाताऱ्या माणसांची सोय झाली.

त्रिकोणी पार्कात माझ्याबरोबर रोज संध्याकाळी फिरणारी मधुमती पेढे घेऊन आली. ती मुलींच्या कॉलेजात हिंदी शिकवायची, त्यामुळे अभिनंदनही व्याख्यानासारखं करते. "दीदी, अब पार्क की बेंच बनवा दीजिए, बस. राजपाट बाद में."

३ ऑगस्ट २०१२

जयसिंगने माझ्या नावाचा शिक्का करवून घेतला आहे आणि तो स्वतःकडेच ठेवला आहे. दाखल्यांसाठी लोक सकाळपासून त्याच्याच ओट्यावर रांग लावतात, माझी झोपमोड होऊ नये म्हणून. त्याच्या जीपवर आता 'पार्षद प्रतिनिधि' असं लिहिलंय. मी नाराजी दाखवली तर म्हणाला, "मैडम, आप दिमाग का काम कीजिए, हाथ-पैर का मुझ पर छोड़िए." वाटणी बरोबर आहे.

२० सप्टेंबर २०१२

आज एक गोष्ट अशी घडली, की लिहून ठेवलीच पाहिजे. मागच्या आठवड्यात जयसिंग मधुमतीच्या गल्लीतल्या नालीचा नकाशा घेऊन आला. इतका घाणेरडा नकाशा मी आयुष्यात पाहिला नव्हता. पाणी चढावर चाललेलं! मी लाल पेन्सिल घेतली, उतार दुरुस्त केला, जाळ्यांच्या जागा बदलल्या आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी सवयीप्रमाणे आद्याक्षरं टाकली, 'चा. रा.' आमच्या कामात दुरुस्ती ज्याची, सही त्याची. नाहीतर उद्या कुणीही काहीही खोडेल.

आज त्या गल्लीत नाली तयार आहे. माझ्या उताराने. पाणी वाहतंय!

बत्तीस वर्षांत माझ्या पेन्सिलीमागून इतक्या लवकर सिमेंट कधी आलं नव्हतं. मी तिथे उभी राहून वाहतं पाणी बघत होते आणि मधुमती म्हणाली, "दीदी, नाली देखकर रोता हुआ पहला आदमी देख रही हूँ." रडत वगैरे नव्हते. धूळ होती.

११ नोव्हेंबर २०१२

दिवाळी आलीय. अंतराचा बंगलोरहून फोन. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, अशी आमची लेकीशी रीत पडलीच आहे. तिला सांगितलं, की जयसिंग आता दर आठवड्याला नकाशे आणतो. गल्ल्यांचे, शौचालयाचे, एका व्यायामशाळेचा. सगळ्यांत इतक्या चुका की विचारू नकोस.

ती म्हणाली, "मम्मी, और आप सब ठीक कर देती हो?"

"मग काय तसेच सोडू?"

"स्कूल में मेरे लव लेटर में भी आपने स्पेलिंग ठीक करके वापस रख दी थी. याद है? डाँटना भूल गई थीं."

मी फोन दिनकरकडे दिला.

१७ जानेवारी २०१३

डोकं फिरलंय. जयसिंगने आज जो कागद माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरला त्यावर त्रिकोणी पार्क होता आणि पार्काच्या जागी तीन मजली पार्किंग. खाली बारा दुकानं. शेजारच्या कपूरथला बाजारातल्या गाड्या म्हणे इथे लावायच्या.

मी ओरडले. महानगरच्या मूळ नकाशात ही जागा मोकळी आहे. कडुनिंबाची झाडं मधुमतीच्या लग्नाआधीची आहेत. संध्याकाळी निम्म्या वसाहतीतल्या बायका इथे फिरतात, कारण रस्त्यावर फिरायला जागा उरलेली नाही. माझ्या सहीशिवाय हा प्रस्ताव पुढे जात नाही आणि माझी सही मिळणार नाही.

जयसिंग अगदी शांत होता. "मैडम, मैं तो आपके साथ हूँ. पर ऊपर से आया है. आप मना करेंगी तो घुमाकर कहीं और से करा लेंगे, और यही बना देंगे, यही डब्बा." मग नकाशा गुंडाळायला लागला आणि थांबला. "वैसे देखने में भी अजीब है, नहीं? ये ढलान... गाड़ी चढ़ेगी इस पर?"

चढेल कशी! रॅम्पचा चढ इतका खडा की गाडीचं पोट घासेल. शिवाय वळण आतल्या बाजूला. मी त्याला एवढंच दाखवलं.

"छोड़ जाऊँ?" त्याने विचारलं.

"सोडा. पण मी हात लावणार नाही."

२० जानेवारी २०१३

नुसता रॅम्प सरळ केला.

२ फेब्रुवारी २०१३

सापडलं! इतकं सोपं आहे की हसू आलं. पार्किंग वर कशाला? खाली घाला. जमिनीखाली दोन मजले आणि वर पार्क जसाच्या तसा. दुकानं रद्द. रॅम्प बाजाराच्या बाजूने, म्हणजे वसाहतीत गाड्या येणार नाहीत. हवेसाठी झरोके बाकांच्या पाठीत लपवायचे. आठवडाभर जेवण-खाण विसरून बसले होते. मान धरली आहे, पण इतकं स्वच्छ काम मी नोकरीत एकदाही केलं नव्हतं, कारण नोकरीत कुणी करू दिलंच नाही.

कडुनिंब छतावर जगणार नाही, हे खरं. मुळांना माती किती मिळणार? तिथे चाफा आणि कण्हेर घेता येईल. कण्हेरही सावली देते. थोडी.

दिनकरला दाखवलं. त्याने चष्मा पुसला, पुष्कळ वेळ पाहिलं. "सुंदर आहे," म्हणाला. मग, "म्हणजे पार्किंग होणार?"

"पार्क वाचणार, असं म्हण."

"हो, तेच. छप्पर म्हणून वाचणार."

कधी कधी वाटतं, शेवाळाच्या सहवासाने हा माणूस ओलसर झालाय.

५ फेब्रुवारी २०१३

जयसिंग नकाशा घेऊन गेला. घडी न घालता, दोन्ही हातांवर, लग्नातल्या आहेरासारखा. प्रत्येक दुरुस्तीशेजारची माझी आद्याक्षरं त्याने एकेक करून पाहिली. "इसको कहते हैं पढ़ाई," म्हणाला. मी त्याला बजावलं, की हा केवळ पर्याय आहे, मंजुरी नव्हे. "बिलकुल मैडम, बिलकुल."

२३ एप्रिल २०१३

मला काही कळेनासं झालंय. प्रस्ताव मंजुरीला गेला. माझी सही घेतलीच नाही. मी नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटला. बाबूने फाइल उघडली आणि मला हिंदीत वाचून दाखवलं: 'माननीय पार्षद महोदया के संशोधनों सहित.' म्हणजे माझ्या दुरुस्त्यांसह. खाली शिक्का, माझ्या नावाचा. वर नकाशा, त्यावर ठिकठिकाणी 'चा. रा., चा. रा.'

मी म्हटलं, दुरुस्ती म्हणजे संमती नव्हे.

बाबू पान खात होता. त्याने मान वर करून अगदी आदराने विचारलं, "मैडम, जो चीज़ होनी ही नहीं है, उसे कोई ठीक क्यों करेगा?"

या माणसाला मॅनर्स नाहीत, एवढंच मला त्या क्षणी सुचलं.

३० एप्रिल २०१३

लोकांच्या हरकती ऐकायला परवा सुनावणी आहे. हरकत घेणाऱ्यांत पहिलं नाव मधुमतीचं. गेला आठवडाभर ती फिरायला आली नाही. मी आज पार्कात एकटीच चार चकरा मारून आले. मी तिच्याच बाजूची आहे, हे तिला कळायला हवं. सुनावणीत सगळ्यांसमोर सांगणार आहे, की मी या प्रस्तावाच्या विरुद्ध आहे.

२ मे २०१३

जसं घडलं तसं लिहिते.

हॉलमध्ये पंखे बंद, माणसं पुष्कळ. आमच्या पार्कातल्या बायका एका रांगेत. मधुमती उभी राहिली आणि छान बोलली. झाडं, मुलं, म्हातारी माणसं. मग म्हणाली, की हा नकाशा घाईघाईत, न समजता, कुणा अनाड्याने केलेला आहे, गाड्या आत जाणार कशा, धूर जाणार कुठे, सगळं चुकीचं आहे.

अधिकाऱ्याने माझ्याकडे वळून विचारलं, "पार्षद महोदया, आप स्वयं वास्तुकार हैं. नक्शे में कोई तकनीकी त्रुटि है?"

मी उभी राहिले. मनात भाषण तयार होतं. पण प्रश्न तो नव्हता. प्रश्न होता, नकाशात चूक आहे का. नाही. रॅम्प बरोबर आहे, झरोके बरोबर आहेत, धूर कुठून जातो हे मी एकेक फूट मोजून काढलंय. नन्सनी आम्हाला खोटं बोलायला शिकवलं नाही, आणि अनाडी तर मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

मी म्हटलं, "जी नहीं. एक भी नहीं."

आवाज स्वच्छ लागला. मागच्या भिंतीपर्यंत गेला असणार. पुढचं बोलायला मी तोंड उघडलं तोवर अधिकाऱ्याने "धन्यवाद" म्हणून लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर जिन्यात मधुमती भेटली. मी तिला समजावू लागले, की मी फक्त नकाशाबद्दल बोलले. ती म्हणाली, "हाँ दीदी, सुना हमने. नक्शे में कोई गलती नहीं. पर हम नक्शे में थोड़े ही टहलते हैं."

घरी आल्यावर मी दिनकरला विचारलं, मी काय म्हणायला हवं होतं? तो म्हणाला, "जागा चुकली आहे, म्हणायचं."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

१९ ऑगस्ट २०१३

हरकती फेटाळल्या. 'तांत्रिकदृष्ट्या निर्दोष' असे शब्द आहेत.

७ ऑक्टोबर २०१३

भूमिपूजन. मी जाणार नव्हते, तरी दगडावर माझं नाव आहेच, जयसिंगच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. त्याने स्वतःचं लहान ठेवलंय. झाडं गेल्या आठवड्यातच तोडली. काम दयारामला मिळालं आहे, द्रौपदीच्या सख्ख्या भावाला. हे मला मिठाईच्या डब्याबरोबर कळलं.

डबा परत पाठवला आणि राजीनामा लिहायला बसले.

८ ऑक्टोबर २०१३

राजीनामा घेऊन जयसिंगकडेच गेले, तोंडावर फेकावा म्हणून. ओट्यावर माझ्या वॉर्डाची माणसं रांगेत बसलेली, माझाच शिक्का मारून घ्यायला. एका बाईने मला विचारलं, "आपका भी राशन कार्ड का है?"

जयसिंगने कागद वाचला. कुठेही चिडला नाही. "जैसी आपकी मर्जी. आपने बहुत किया." मग आत हाक मारली, "सुनती हो? मैडम के लिए शरबत लाओ." द्रौपदी शरबत घेऊन आली. खूप गोड बाई आहे, माझ्या पाया पडली. जयसिंग म्हणाला, "इनका नाम आ गया है अब यहाँ की लिस्ट में. उपचुनाव हुआ तो इन्हीं को लड़ा देंगे. घर की बात घर में."

द्रौपदी पदराआडून म्हणाली, "हमको तो नक्शा-वक्शा आता नहीं, मैडम. भैया जो कहेंगे, ठप्पा लगा देंगे." भैया म्हणजे दयाराम.

राजीनामा परत पर्समध्ये घातला. शरबत प्यायले. वाळ्याचं होतं, चांगलं होतं.

दिनकर म्हणतो, दे आणि मोकळी हो. मोकळी होईन, पण मग खड्ड्यावर लक्ष कोण ठेवणार? दयाराम? त्याने आजवर फक्त लग्नाचे मांडव घातलेत.

१४ डिसेंबर २०१३

खोदकाम बघायला गेले. माझ्या नकाशात खड्ड्याच्या तिन्ही बाजूंना लोखंडी टेकू आहेत, मातीच्या कडा धरून ठेवायला. मगच खोल जायचं. दयाराम सरळ उभी कड कापत खाली चाललाय. टेकू कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, "अरे मैडम, मिट्टी पक्की है, कहीं नहीं जाएगी." ही गोमतीकाठची वाळूमिश्रित माती. बादलीतसुद्धा सरळ उभी राहत नाही. आणि पार्काचं टोक जिथे निमुळतं होतं तिथे, कडेपासून तीन हातांवर, मधुमतीच्या घराची भिंत आहे.

काम थांबवा म्हटलं. दयारामने फोन लावून माझ्या हातात दिला. जयसिंग म्हणाला, "मैडम, आप ही लगवा लीजिए ना सामने खड़े होकर. आपसे अच्छा कौन जानता है?"

म्हणून उद्यापासून मी जाणार आहे.

२ जानेवारी २०१४

रोज जाते. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात दिनकरचा कोट, पायात अंतराचे जुने बूट. धुक्यात मीच मला ओळखू येणार नाही. टेकू बसायला लागलेत. मी तिथून हलले की बसत नाहीत. दिनकर डबा घेऊन येतो, आम्ही विटांवर बसून खातो. आज तो म्हणाला, "चारू, तू नसतीस तर हे काम बंद पडलं असतं."

"मी नसते तर घरं पडली असती."

"आधी काम बंद पडलं असतं," तो म्हणाला, "मग घरं पडायची वेळच कुठून आली असती?"

पार्कातल्या बायका आता पलीकडच्या फुटपाथवरून फिरतात, गाड्या चुकवत. मला पाहिलं की बोलणं थांबवतात. एकीने नातवाला दाखवलं, "वो देखो, वही बनवा रही हैं." सांगायचं काय? बनवतेच आहे मी.

१८ जानेवारी २०१४

कालपासून महावट लागलीय, इकडचा हिवाळी पाऊस. सकाळी निमुळत्या टोकाची कड ढासळली. फार नाही, एका खाटेएवढी माती. पण ती मधुमतीच्या बाजूची. मी दयारामच्या माणसांना तिथेच उभं केलं, वाळूची पोती रचून घेतली, दोन टेकू जादा लावले. कोट चिंब, आवाज बसलेला. माझ्या वयाच्या बायका यावेळी उन्हाची वाट बघत स्वेटर विणतात.

काम संपल्यावर वर पाहिलं तर मधुमती तिच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत उभी होती. कधीपासून होती कुणास ठाऊक. आठ महिन्यांत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी हेल्मेट काढलं, ओळख पटावी म्हणून, आणि जेवढा उरला होता तेवढ्या आवाजात ओरडले, "मधु! दीवार में कहीं दरार दिखे, बाल बराबर भी, तो फ़ौरन मुझे बताना! रात हो तब भी! सुना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खड्ड्याकडे. मग खिडकी लावून घेतली.

खिडकीची दोन्ही दारं कुठेही न अडकता एकमेकांना मिळाली. म्हणजे चौकट अजून काटकोनात आहे, भिंत सरकलेली नाही. उद्या सकाळी पुन्हा बघायला हवं.